पावसाळ्यात घरात कपडे वाळवणे : वीज नेमकी कुठे वाया जाते?

मोगरी

नमस्कार. आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई, शाळकरी मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी, त्यामुळे मशीन रोज लागते आणि जून ते सप्टेंबर या काळात वाळत घातलेले कपडे दुसऱ्या दिवशीही हाताला दमटच लागतात. सोसायटीने दर्शनी बाजूच्या ग्रिलला कपडे टांगायला मनाई केली आहे. ड्राय बाल्कनीत मशीन ठेवल्यावर एका माणसाला जेमतेम उभे राहता येते. म्हणून हॉलमध्ये स्टँड उघडायचा, पावसाची झड नको म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या आणि वरचा पंखा दिवसरात्र चालू ठेवायचा, असा आमचा क्रम आहे. एसी फारसा लागत नसतानाही या महिन्यांत बिल उतरत नाही, आणि कपड्यांना कुबट वास येतो तो वेगळाच.

नवऱ्याचे मत आहे की ड्रायर घेऊन मोकळे व्हावे. सासूबाईंचे म्हणणे आहे की पूर्वी ड्रायर नव्हते म्हणून लोक काही ओले कपडे घालून हिंडत नव्हते. निर्णय घेण्याआधी जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे की पंखा, एक्झॉस्ट, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढून घेणारे यंत्र) आणि ड्रायर यांच्यापैकी कशाला किती वीज लागते, आणि वीज न जाळता काय करता येईल.

युनिटवाला

मोगरीताई, उपकरणांची तुलना करण्याआधी पाण्याचा हिशेब मांडू, कारण आपल्याला कपडे गरम करायचे नाहीत, त्यांच्यातले पाणी घराबाहेर काढायचे आहे. पाच किलो सुती कपडे मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या स्पिनवर, म्हणजे पिळून काढण्याच्या टप्प्यावर, काढले तर त्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ७० टक्के, म्हणजे साडेतीन लिटर पाणी शिल्लक असते. तेच कपडे १२०० फेऱ्यांवर काढले तर अडीच-पावणेतीन लिटर राहते. हे जे जवळजवळ एक लिटर पाणी मशीनने वेगाने फिरवून नळीवाटे मोरीत सोडले, त्याला लागलेली जादा वीज मीटरवर जाणवणारही नाही इतकी थोडी असते. तेच एक लिटर पाणी वाफ करून उडवायचे झाले तर निसर्गनियमानुसार किमान ०.६८ युनिट इतकी उष्णता लागतेच. ती भोवतालच्या हवेकडून फुकट घ्यायची की मीटरमधून विकत घ्यायची, एवढेच आपल्या हातात असते.

त्यामुळे पहिला उपाय मशीनच्या बटणावरच आहे. वरून उघडणाऱ्या बऱ्याच मशीनचा स्पिन ७०० फेऱ्यांच्या आसपासच असतो. अशा मशीनवर धुणे संपल्यावर केवळ स्पिन पुन्हा एकदा लावावा. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये 'डेली' किंवा 'क्विक' कार्यक्रमात स्पिन आपोआप कमी ठेवलेला असतो, तो दर वेळी हाताने वाढवावा लागतो. प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा घरात असेल तर एक टॉवेल तोलून पाहावा : कोरडा ४०० ग्रॅम भरणारा टॉवेल चांगल्या स्पिननंतर सव्वासहाशे-साडेसहाशेच्या आत यायला हवा. साडेसातशे भरला तर स्पिन कमी आहे किंवा मशीन कोंबून भरले जात आहे.

आता पाच किलोंच्या एका धुण्याला लागणाऱ्या विजेचे ढोबळ आकडे. जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो, म्हणजे आठ तासांना ०.६ युनिट, आणि पावसाळ्याच्या १२२ दिवसांत सुमारे ७३ युनिट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तेवढ्याच वेळात साधारण ३० वॉटने चालतो, म्हणजे हंगामात २९ युनिट. तुमचा पंखा दिवसरात्र चालत असेल तर हे आकडे तिप्पट करा. सहा इंची एक्झॉस्ट ३५-४० वॉट घेतो. दिवसाला १२ लिटर क्षमतेचा डीह्युमिडिफायर २०० वॉटच्या आसपास, आणि एका धुण्याला एक ते दीड युनिट. साधा कंडेन्सर ड्रायर (हीटरवर चालणारा) तीन युनिटच्या मागेपुढे, हीट पंप ड्रायर (तीच उष्णता पुन्हा वापरणारा) त्याच्या साधारण निम्मे. खोलीत दोन हजार वॉटचा हीटर लावून कपडे वाळवणाऱ्यांचा हिशेब मी करत नाही.

बिलाविषयी एक खुलासा. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. १०० युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो अशी समजूत आहे, ती खरी नाही. वरचा दर वरच्याच युनिटांना लागतो. मात्र पहिल्या टप्प्यातील वीज आकार आणि दुसऱ्या टप्प्यातील वीज आकार यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे, त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) आणि वीज शुल्क (सरकारी कर) चढते, आणि कपडे वाळवण्यासाठी वाढलेली युनिटे नेमकी वरच्या टप्प्यातच पडतात. म्हणून सरासरी दर न धरता तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर धरून हिशेब करावा.

पडवीकर

सासूबाईंचे म्हणणे मी थोडे पुढे नेतो. आमच्या रत्नागिरीकडच्या जुन्या घरात पावसाळ्यात कपडे पडवीत वाळत. पडवीला छप्पर असते, पण ती बाजूंनी उघडी असते, हे विसरता कामा नये. आढ्याला समांतर टांगलेल्या बांबूच्या दांडीवर नऊवारी लुगडे काठीने वर सरकवून, दोन्ही पदर समान सोडून आणि घडी मोडून टाकले जाई. खालून माणसे ये-जा करत आणि वरून वारा वाहत राही. लुगडे रात्रभरात पूर्ण कोरडे होत नसे, पण त्याला वास कधी येत नसे. बाळाची दुपटी आणि लंगोट मात्र शेगडीवर पालथ्या घातलेल्या डालग्यावर, म्हणजे बांबूच्या टोपलीवर, टाकून, ओव्याची धुरी देऊन वाळवत असत.

हा शेगडीचा प्रकार फ्लॅटमध्ये कोणीही करू नये. कौलारू घरात धुराला वाट असते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो.

मोगरी

युनिटवाला, पडवीकरकाका, आभारी आहे. स्पिन आजच पाहिला, ८०० वर होता. पण एक शंका आहे. बाहेर धो धो पाऊस पडत असताना खिडकी उघडली तर बाहेरची ओली हवाच आत येणार ना? म्हणून तर आम्ही सगळे बंद करून पंखा लावतो.

आर्द्रा

ही शंका अगदी रास्त आहे आणि बहुतेक घरांतील वीज याच ठिकाणी वाया जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या हॉलचे माप १० बाय १२ फूट आणि उंची साडेनऊ फूट धरली तर आत सुमारे ३२ घनमीटर हवा असते. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प धरू शकते. जुलैत आर्द्रता ८५ टक्के असताना त्यांपैकी २३ ग्रॅम आधीच भरलेले असते. उरले चार ग्रॅम. ३२ घनमीटरला गुणले की तुमची संपूर्ण बंद खोली १३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वाटीभर पाणी घेऊ शकते, आणि स्टँडवरच्या कपड्यांत तीन लिटर आहे. पंखा कपड्याला चिकटून असलेला ओल्या हवेचा थर उडवतो हे खरे, पण तो उडून जाणार कुठे? दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत पहिल्या तासा-दोन तासांनंतर पंखा तीच ओली हवा गरागरा फिरवत राहतो आणि मीटर चालू राहतो. उरलेले पाणी फटींतून हळूहळू बाहेर जाते, किंवा थंड भिंतीवर, कपाटामागे आणि गादीत जाऊन बसते.

आता खिडकी उघडण्याविषयी. पावसात बाहेरचे तापमान २६ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के असली तरी त्या हवेत घनमीटरमागे २३ ग्रॅमच बाष्प असते. काँक्रीटचे घर, माणसे, फ्रिज आणि स्वयंपाक यांच्यामुळे घरातील तापमान बाहेरपेक्षा दोन-तीन अंश जास्त असते. ती हवा आत येऊन २९ अंशांपर्यंत तापली की तिची धारणक्षमता २९ ग्रॅमच्या जवळ जाते, म्हणजे ९५ टक्क्यांची हवा आत आल्यावर ८० टक्क्यांची होते. बाहेरची हवा ओली असली तरी बंद खोलीत कपड्यांनी भिजवलेल्या हवेपेक्षा ती कोरडीच असते.

एक्झॉस्ट तासाला २५० घनमीटर हवा बाहेर फेकत असेल आणि प्रत्येक घनमीटर आपल्यासोबत फक्त दोन ग्रॅम जादा बाष्प घेऊन जात असेल, तरी तासाला अर्धा लिटर पाणी घराबाहेर जाते. पाच-सहा तासांत धुण्यातले पाणी निघून जाते आणि वीज लागते पाव युनिटपेक्षा कमी. कंपनीच्या डब्यावर लिहिलेली हवा प्रत्यक्षात तेवढी वाहत नाही, म्हणून वेळ दीडपट धरा. तरीही याच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही.

पावसाळी वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे झड त्याच बाजूच्या खिडक्यांतून आत येते. त्या बंद ठेवाव्यात, पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी वितभर उघडी ठेवावी आणि हवा कपड्यांवरून वाहत एक्झॉस्टपर्यंत जाईल अशा तऱ्हेने स्टँड मधल्या वाटेवर ठेवावा. तो भिंतीला टेकवू नये.

चिमटा

एक्झॉस्ट फक्त बाथरूममध्ये आहे आणि घर भाड्याचे आहे अशांनी काय करावे?

आर्द्रा

बाथरूममध्येच वाळवावे, पण नळाचे पाणी पुसून घेऊन आणि दार बोटभर उघडे ठेवून, नाहीतर एक्झॉस्टला खेचायला हवाच मिळत नाही. शॉवरच्या दांड्यावर एका वेळी अर्धेच धुणे मावेल हे मान्य आहे. दुसरा मार्ग म्हणजे टेबल फॅन खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवणे आणि त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत पुठ्ठा लावणे; पाऊस अंगावर येत नसलेल्या खिडकीतच हे करावे, कारण फॅन भिजला तर शॉक बसेल.

ओलीसुकी

आम्ही स्वयंपाकघरात दोरी बांधली आहे. गॅस चालू असतो, ऊब असते, कपडे लवकर वाळतात. वीज शून्य.

युनिटवाला

ओलीसुकी, क्षमस्व, पण असहमत. एक किलो एलपीजी जळला की रसायनशास्त्राच्या हिशेबाने सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात त्याच खोलीत तयार होते. त्यात कुकरची आणि भाताची वाफ वेगळी. चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू असेल तर तुमचे कपडे चिमणीमुळे वाळत आहेत, आणि नसेल तर गॅस एका हाताने ऊब देतो आणि दुसऱ्या हाताने ओल. फोडणीचा वास आणि पेट घेण्याचा धोका यांविषयी आपणच विचार करावा.

परदेशस्थ_पुणेकर

मी इंग्लंडमधून लिहीत आहे. आमच्याकडे हा प्रश्न हिवाळ्यात येतो आणि गणित बरोबर उलटे असते. बाहेर ५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना हवेत घनमीटरमागे सहा ग्रॅमच बाष्प असते. तीच हवा घरात २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर येते, म्हणजे खिडकी उघडली की अत्यंत कोरडी हवा फुकट मिळते, पण विकत घेतलेली उष्णता बाहेर जाते. म्हणून लोक खिडक्या लावून रेडिएटरवर कपडे टाकतात आणि मग खिडकीच्या चौकटीभोवती काळी बुरशी धरते. इथे विजेवर गरम होणारे दांड्यांचे स्टँड लोकप्रिय आहेत. २५० वॉटचा स्टँड आठ तास चालला तर दोन युनिट, आणि युनिटमागे सुमारे २५ पेन्स दराने अर्धा पौंड. कपडे वाळतात, पण त्यांतले पाणी घरातच राहते. हे स्टँड आता भारतातही मागवता येतात असे दिसते. मुंबईच्या हवेत ते घेण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

डीह्युमिडिफायर घेणाऱ्यांसाठी एक मुद्दा. डब्यावरची क्षमता बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. आमच्या २० अंशांच्या घरात त्याच्या निम्मेही पाणी निघत नाही. तुमच्याकडचा जुलै म्हणजे जवळजवळ तीच चाचणीची परिस्थिती, त्यामुळे १२ लिटरचे यंत्र तुमच्याकडे खरोखर १२ लिटरच्या आसपास काढेल.

सुकाळ

ते खरे आहे. आम्ही दादरला तीन पावसाळे डीह्युमिडिफायर वापरत आहोत. एक्झॉस्टची पद्धत स्वस्त आहे यात शंका नाही, पण आमच्या घराच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला आहेत आणि झडीच्या दिवसांत एकही उघडता येत नाही. ज्यांची अशी अडचण आहे त्यांनीच हे यंत्र घ्यावे असे माझे मत आहे. मात्र त्याचे नियम एक्झॉस्टच्या नेमके उलटे आहेत. खोली लहान हवी, दार-खिडकी घट्ट बंद हवी, दाराखालच्या फटीत जुनी चादर सारावी, आणि पंखा मंद चालू ठेवावा. मी नातेवाइकांकडे हे यंत्र हॉलमध्ये, बाल्कनीचे दार सताड उघडे ठेवून चालवलेले पाहिले आहे. अशा वेळी ते आख्ख्या अरबी समुद्राची वाफ गोळा करत बसते.

यंत्रावर आर्द्रतेचा आकडा लावता येतो. तो ५५-६० वर ठेवला की कपडे वाळल्यावर कॉम्प्रेसर आपोआप थांबतो. टाकी भरली की यंत्र बंद पडते, म्हणून रात्री लावायचे असेल तर मागची नळी बाथरूमच्या जाळीत सोडावी. साठलेले पाणी फरशीला किंवा फ्लशला चालते, पिण्याला नाही. महावितरणचा स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत मिळते, तेव्हा अशांनी हे यंत्र दिवसाच चालवलेले बरे.

चिमटा

रात्री बेडरूममध्ये एसी लागतोच. त्याच खोलीत कपडे टाकले तर बिल वाढेल का?

युनिटवाला

एसी झोपण्यासाठी लागणारच असेल तर वाढ किरकोळ असते. कपड्यांतले पाणी उडताना खोलीतलीच उष्णता घेते, त्यामुळे एसीला उष्णता थोडी कमी आणि बाष्प थोडे जास्त काढावे लागते, बेरीज साधारण तीच राहते. अंथरूण दमट वाटेल, एवढे सोसावे लागेल. पण केवळ कपड्यांसाठी दीड टनाचा एसी लावणे म्हणजे तासाला युनिटभर वीज घालवणे. त्यापेक्षा डीह्युमिडिफायर कितीतरी परवडतो.

आर्द्रा

मोगरीताईंनी कुबट वासाविषयी लिहिले होते, ते राहून गेले. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी घरात वाळवलेल्या कपड्यांच्या या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचे दाखवले. तो कपड्यात उरलेल्या घामावर आणि तेलकटपणावर जगतो आणि कपडा जितका वेळ ओला राहील तितका वाढतो. म्हणून सुगंधी द्रव ओतून उपयोग होत नाही. धुणे संपताच कपडे मशीनमधून काढावेत आणि पाच-सहा तासांत वाळतील अशी व्यवस्था करावी. ज्या टॉवेलना वास लागलाच आहे ते एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत. तेवढ्यापुरती वीज जाते, पण तोच टॉवेल पुन्हा पुन्हा धुण्यात त्याहून जास्त जाते. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक हॉलमध्ये ठेवावा. कपडे वाळून गेल्यावरही आकडा ७५ च्या खाली येत नसेल तर हवा बदलत नाही असे समजावे.

मोगरी

सर्वांची मनापासून आभारी आहे. ड्रायरचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. हॉलच्या पूर्वेकडच्या खिडकीवरच्या झडपेत एक्झॉस्ट बसवून देतो असे इलेक्ट्रिशियन म्हणाला आहे. हवा आत यायला बेडरूमची उत्तरेची खिडकी उघडी ठेवू. आता शेवटचे दोन प्रश्न. मुलाच्या गणवेशाचे दोनच जोड आहेत, आणि त्याची पँट कमरेपाशी आणि खिशांत कायम ओली राहते. बाळाच्या दुपट्यांचे काय करावे?

पडवीकर

दुपटी पातळ असतात, त्यांना वेगळी खटपट लागत नाही. फक्त चौपदरी घडी घालून दोरीवर टाकू नयेत. एका दोरीवर एकच पदर यावा, आणि दोन कपड्यांत चार बोटे अंतर राहावे. स्टँडवर जागा अपुरी पडते म्हणून आपण कपडे दाटीने टाकतो आणि मग सगळेच ओले राहतात. त्यापेक्षा रोज अर्धे धुणे बरे. छताला कप्पीने वर ओढायचा दांड्यांचा स्टँड लावलात तर जागेचा प्रश्न सुटेल, फक्त तो पंख्याच्या पात्यांपासून लांब लावा.

ओलीसुकी

गॅसच्या मुद्द्यावर मी निरुत्तर आहे, पण गणवेशाचे मी सांगू शकते, कारण माझ्याकडे दोन मुलगे आहेत. पँट उलटी करावी, खिसे बाहेर ओढावेत, चेन आणि बटण उघडे ठेवून कमरपट्टा चार चिमट्यांनी गोल टांगावा, म्हणजे कापड कापडाला चिकटत नाही आणि आतून वारा जातो. त्याआधी ती कोरड्या पंचात गुंडाळून, वर पाय देऊन दाबली तर शिवणींतले बरेच पाणी पंचा ओढून घेतो. मग टेबल फॅन खालून, तिरपा, फक्त तिच्यावर लावावा. वरचा पंखा चालवायची गरज नाही. संध्याकाळी सातला टांगलेली पँट सकाळी कमरेपाशी किंचित दमट राहिली तर शेवटचा हात इस्त्रीचा फिरवावा, मात्र फक्त कमरपट्ट्यावर आणि खिशांवर. इस्त्री हजार वॉटची असते, ओली पँट तिच्यावरच वाळवत बसलात तर युनिटवाला पुन्हा हिशेब घेऊन येतील.